घरातील प्रत्येकाची आरोग्य तपासणी फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून कशी करून घ्यावी: कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

तक्रार घेऊन दवाखान्यात जाणे आणि काहीही तक्रार नसताना जाणे या दोन वेगळ्या भेटी आहेत, आणि हा लेख दुसऱ्या भेटीविषयी आहे. रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला असतो आणि डोके एकदाही दुखत नाही. रक्तातील साखर वाढलेली असूनही माणूस पहाटे उठून रंकाळ्याभोवती फेरी मारतो, दिवसभर दुकानात बसतो आणि आपण ठणठणीत आहोत असे समजतो. गर्भाशयमुखाच्या पेशींमध्ये कर्करोगपूर्व बदल सुरू झाल्यापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत बहुतेक वेळा दहा वर्षांहून अधिक काळ जातो आणि त्या काळात त्या स्त्रीला काहीही जाणवत नाही. अशा वेळी शोधून काढलेला आजार गोळ्यांवर किंवा छोट्या उपचारावर आटोक्यात येतो, तर तक्रार सुरू झाल्यावर सापडलेला आजार अनेकदा सगळ्या घराला हादरवतो.

कोल्हापुरातल्या एका पेठेत फॅमिली डॉक्टर म्हणून काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. तपासणीचा उपयोग चाचण्यांच्या संख्येवर ठरत नाही. वय आणि धोका पाहून निवडलेल्या मोजक्या चाचण्या, त्या नीट पद्धतीने करणे, त्यांची नोंद वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहणे आणि निष्कर्षावर पुढची कृती होणे, या चार गोष्टी जमल्या तरच तपासणी सार्थकी लागते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

त्याआधी एक सूचना. छातीत दुखणे किंवा चालताना दम लागणे, स्तनात गाठ लागणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होणे, शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन उतरणे, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहणे किंवा तोंडातील व्रण दोन-तीन आठवड्यांत न भरणे, यांपैकी काहीही असेल तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. ती तक्रार आहे, तिचा तपास वेगळ्या पद्धतीने होतो आणि डॉक्टरांना ती पहिल्याच वाक्यात सांगावी.

पहिली पायरी: घराची माहिती कागदावर उतरवणे

डॉक्टरांसमोर बसल्यावर आठवेल या भरवशावर राहू नये. एका वहीच्या पानावर आई, वडील, भावंडे आणि मुले यांपैकी कोणाला कोणता आजार आहे आणि तो कोणत्या वयात कळला, हे लिहून न्यावे. वय महत्त्वाचे असते. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमचा स्वतःचा धोका वाढलेला धरला जातो. आई, मावशी, आत्या किंवा बहिणीला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर तेही लिहावे. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या माहेरचा इतिहास सासरच्या केसपेपरवर बहुधा नसतोच, म्हणून तिने माहेरी फोन करून तो विचारून घ्यावा. लग्न जमवताना साखरेचा आजार लपवण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे, परंतु डॉक्टरांपाशी ही गोष्ट लपवून नुकसान आपलेच होते.

त्याच पानावर सध्या चालू असलेली सर्व औषधे लिहावीत. यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, चूर्ण, काढे आणि शेजाऱ्याने सुचवलेली पुडीही आली. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, आणि डॉक्टरांना त्या माहीतच नसतील तर अहवालाचा अर्थ चुकीचा लागतो.

तंबाखूविषयी विशेष लिहावे लागेल. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अनेक स्त्रिया मनापासून ‘नाही’ म्हणतात आणि तरीही सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात, कारण मशेरी म्हणजे दात घासणे असे त्या धरून चालतात. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. मावा, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आणि गुटखा (महाराष्ट्रात त्यावर २०१२ पासून बंदी असली तरी खाणारे आहेत) हे सर्व किती वर्षांपासून चालू आहे, हे संकोच न करता सांगावे.

जुने अहवाल तारखेनुसार लावून एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढून घरातील दोन मोबाइलमध्ये जतन करावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या अनेक घरांतील कपाटे पाण्याखाली गेली, आणि त्यांत औषधांच्या चिठ्ठ्याही होत्या. कोणती गोळी किती मिलिग्रॅमची होती हे निवारा केंद्रात कोणालाच सांगता येत नसेल तर उपचार अडतो. आभा हे चौदा अंकी आरोग्य खाते काढल्यास सरकारी रुग्णालयातील नोंदणी सोपी होते आणि जोडलेल्या नोंदी एकत्र पाहता येतात, मात्र त्यामुळे कागद आणि फोटो यांची गरज संपत नाही.

दुसरी पायरी: वेळ ठरवणे आणि उपाशीपोटी जाणे

संध्याकाळच्या गर्दीत, तापाचे आणि खोकल्याचे रुग्ण रांगेत असताना, तपासणीची भेट होऊ शकत नाही. दवाखान्यात आधी फोन करून ‘तक्रार काही नाही, तपासणीसाठी यायचे आहे, निवांत वेळ द्या’ असे सांगावे. बहुतेक ठिकाणी सकाळची एखादी वेळ मिळते.

उपाशीपोटीच्या रक्तासाठी आठ ते दहा तास काही खाऊ नये, साधे पाणी मात्र प्यावे. चहा बिनसाखरेचा असला तरी टाळावा. रक्तदाबाची नेहमीची गोळी सहसा पाण्याबरोबर घेता येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नये, त्यासाठी आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवावे. जेवणानंतरच्या रक्ताची वेळ पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी मोजायची असते, जेवण संपल्यापासून नव्हे. ते जेवणही नेहमीचेच असावे. अहवाल चांगला यावा म्हणून आठवडाभर भात सोडणारे आणि तपासणी झाल्यावर थेट मिसळीच्या दुकानात जाणारे रुग्ण मी पाहतो. त्यांच्या कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो त्यांच्या रोजच्या जगण्याचाही नसतो. नवरात्राच्या उपवासांत किंवा रमजानच्या रोज्यांत अशी तपासणी करू नये. ताप किंवा मोठा संसर्ग चालू असतानाही साखर तात्पुरती वाढते, म्हणून बरे झाल्यावर जावे.

तिसरी पायरी: वजन, कंबर आणि रक्तदाब

या पायरीला पैसे जवळपास लागत नाहीत, आणि तरीही इथेच सर्वांत जास्त घाई होते.

कंबरेचा घेर टेपने, श्वास सोडल्यावर, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजावा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानली जाते. वजन आणि उंचीवरून काढलेला बी.एम.आय. भारतीयांसाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता दर्शवतो. तालमीत कसलेल्या शरीराचा बी.एम.आय. स्नायूंमुळेही जास्त येऊ शकतो, म्हणून कंबर आणि वजन ही दोन्ही मापे लागतात. आखाडा सुटल्यानंतर खुराक तसाच राहिला तर हेच वजन पोटावर उतरते, हे माजी मल्लांनी विशेष लक्षात ठेवावे.

चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने तयार केलेली मधुमेहाच्या धोक्याची गुणपद्धती रक्त न काढता वापरता येते. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण आणि ५० किंवा अधिक असल्यास ३० गुण. पुरुषाची कंबर ९० ते ९९ किंवा स्त्रीची ८० ते ८९ सेंटिमीटर असल्यास १० गुण, त्याहून जास्त असल्यास २०. व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असल्यास शून्य, त्यांपैकी एकच असल्यास २०, दोन्ही नसल्यास ३०. आई किंवा वडील यांपैकी एकाला मधुमेह असल्यास १० गुण, दोघांना असल्यास २०. राजारामपुरीत दिवसभर गल्ल्यावर बसणारा, व्यायाम न करणारा, ९२ सेंटिमीटर कंबरेचा आणि वडिलांना मधुमेह असलेला ४२ वर्षांचा दुकानदार घेतला, तर त्याचे गुण २०, १०, ३० आणि १० मिळून ७० होतात. ६० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे धोका जास्त, आणि अशा व्यक्तीने रक्ततपासणी पुढे ढकलू नये.

रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे आणि पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, अशी बैठक हवी. मोजताना बोलू नये. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, कारण जाड दंडावर लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त दिसतो. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजून ज्या हाताचा आकडा जास्त येतो तोच हात पुढे कायम ठेवावा, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. जिना चढून आल्या आल्या उभ्याउभ्या घेतलेल्या आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होऊ नये, तसेच ‘घाईत आलो म्हणून वाढला असेल’ असे म्हणून तो आकडा सोडूनही देऊ नये. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर उच्च रक्तदाबाचे निदान केले जाते.

दवाखान्यात पाऊल टाकताच रक्तदाब वाढणारी माणसे असतात. त्यांनी दंडावर लावायचे स्वयंचलित यंत्र (मनगटावरचे नव्हे) घेऊन सात दिवस सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी दोनदा मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा धरतात. आकडा १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे किंवा दिसण्यात फरक पडणे असे काही असेल, तर तिथे मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा.

आपल्याकडे रक्तदाबाचा दोष तिखटाला देण्याची सवय आहे. तांबड्या रश्श्यातील मिरची पोटात आग करील, परंतु रक्तदाब वाढवते ते त्यातील मीठ, आणि पांढऱ्या रश्श्यातही ते असतेच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमच्याहूनही कमी, मीठ सुचवले आहे. लोणचे, पापड, फरसाण, खारवलेल्या मिरच्या आणि ताटातले वरचे मीठ मोजले तर ही मर्यादा एका वेळच्या जेवणातच संपू शकते.

चौथी पायरी: रक्त आणि लघवीच्या मोजक्या चाचण्या

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची मधुमेह आणि उच्च रक्तदाबासाठी तपासणी अपेक्षित आहे. उपाशीपोटीची साखर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्य, १०० ते १२५ असल्यास मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा अधिक असल्यास मधुमेहाच्या कक्षेत मानतात. ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत २०० किंवा अधिक, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी चाचणीत ६.५ टक्के किंवा अधिक ही मधुमेहाची सीमा आहे, तर ५.७ ते ६.४ ही त्याआधीची अवस्था. लक्षणे नसताना एकाच आकड्यावर निदान करत नाहीत, दुसऱ्या चाचणीने खात्री करून घेतात. बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर पाहिलेली साखर प्राथमिक अंदाजासाठी चांगली आहे, निदानासाठी लॅबमधील शिरेतले रक्तच हवे. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांत एचबीएवनसी फसवू शकते, म्हणून हिमोग्लोबिन त्याच वेळी पाहावे. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषात १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात.

गरोदरपणात साखर वाढली होती अशा स्त्रीची बाळंतपणानंतर कोणी विचारपूस करत नाही, आणि मला ही उणीव फार खटकते. बाळ झाले, साखर उतरली, विषय संपला असे सगळे धरतात. प्रत्यक्षात पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा तिचा धोका इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत तिची पुन्हा तपासणी व्हायला हवी आणि त्यानंतरही ती नियमित चालू राहायला हवी. बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावरच आईच्या तपासणीची तारीख लिहून ठेवणे हा उत्तम उपाय आहे, कारण ते कार्ड घरात कधीच हरवत नाही.

साखरेबरोबर कोलेस्टेरॉलची तपासणी करावी. ती उपाशीपोटीच हवी असे बंधन नाही, ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) फार वाढलेले आढळले तर ती उपाशीपोटी पुन्हा करतात. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन पाहावे. सर्व काही सामान्य असेल आणि धोका कमी असेल तर साखर आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासण्याची गरज नसते, दोन-तीन वर्षांचे अंतर चालते. मधुमेहपूर्व अवस्थेत मात्र साखर दरवर्षी पाहावी.

आता ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजविषयी. साठ-सत्तर चाचण्या स्वस्तात मिळतात हे खरे, परंतु बहुतेक चाचण्यांची सामान्य मर्यादा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतील पाच जण तिच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाच्या अहवालातही किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापला जाण्याची शक्यता साठ टक्क्यांहून जास्त असते. मग त्या एका आकड्यापायी सोनोग्राफी, पुन्हा रक्त, तज्ज्ञांची भेट आणि महिनाभराची काळजी. कोणतेही लक्षण नसताना ट्यूमर मार्करच्या, म्हणजे रक्तातील कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या, चाचण्या करून कर्करोग शोधण्याचा उपयोग होत नाही, उलट दिशाभूल होते. ज्या खर्चात असे पॅकेज होते त्याच खर्चात नवरा आणि बायको या दोघांच्याही आवश्यक चाचण्या होऊ शकतात, आणि घरी बहुतेक वेळा पॅकेज फक्त नवऱ्याचेच होते.

पाचवी पायरी: तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख

राष्ट्रीय कार्यक्रमात या तीन कर्करोगांची तपासणी ३० वर्षांपासून ६५ वर्षांपर्यंत, दर पाच वर्षांनी अपेक्षित आहे. तोंडाची तपासणी सर्वांसाठी आहे आणि तंबाखू खाणाऱ्यांनी ती दरवर्षी करून घ्यावी असे मी सांगतो.

तोंडाच्या तपासणीला टॉर्च आणि पाच मिनिटे लागतात. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, हिरड्या आणि ओठांच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, कडक झालेली जागा पाहतात. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तोंड उघडणे कमी झाले आहे, आणि मावा किंवा गुटखा खाणाऱ्यात हे गंभीर लक्षण आहे. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासल्यामुळे तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे, आणि तो घराघरांत माहीत असायला हवा. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीमुळे पुढील आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले. मुंबईत टाटा रुग्णालयाने वस्त्यांमधून केलेल्या अभ्यासात प्राथमिक आरोग्यसेविकांनी व्हाया ही साधी तपासणी केल्यानेही मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. शेतात राबणाऱ्या आणि वस्त्यांत राहणाऱ्या स्त्रियांनी हे सिद्ध करून दिले आहे, मग शहरातल्या स्त्रियांनी ती संधी सोडू नये.

व्हाया तपासणीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून एक मिनिट थांबतात. बदललेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. निकाल तिथेच कळतो. पॅप चाचणीत पेशी घेऊन लॅबमध्ये पाहतात आणि ती तीन वर्षांनी पुन्हा करतात. एचपीव्ही चाचणी विषाणूच शोधते आणि निकाल निर्दोष असल्यास किमान पाच वर्षे पुन्हा लागत नाही. पाळी चालू नसताना जावे, आदल्या दोन दिवसांत योनीमार्गात औषध वापरू नये आणि शरीरसंबंध टाळावा. थोडी अस्वस्थता वाटते, भूल लागत नाही. महिला डॉक्टर हव्या असतील तर तसे स्पष्ट सांगावे, त्यात अवघडण्यासारखे काही नाही. सासूबाईंनी स्वतः आधी तपासणी करून घेतली की सुना लगेच तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

निकाल सदोष आला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बहुतेक वेळा पुढची पायरी दुर्बिणीतून पाहण्याची असते आणि गरज पडल्यास ती जागा गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करतात, रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. घाबरून किंवा कोणी सांगितले म्हणून थेट पिशवी काढण्याचा निर्णय घेऊ नये. अशा सल्ल्यावर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.

मुलींना ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस देणे सर्वांत परिणामकारक ठरते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे. लस घेतली तरी पुढे ३० व्या वर्षापासून तपासणी करायचीच असते.

स्तनांसाठी प्रशिक्षित डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून हाताने तपासणी करून घ्यावी. मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या वीस वर्षांच्या अभ्यासात, दोन वर्षांतून एकदा अशी तपासणी केल्यामुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, चाळिशीनंतर आणि विशेषतः घराण्यात कर्करोग असल्यास डॉक्टरांशी बोलून ठरवावी. त्याखालील वयात स्तनांची घनता जास्त असल्याने ती तेवढी उपयोगी पडत नाही.

सहावी पायरी: लहान मुले, वृद्ध आणि कामगार

शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केल्यावर दिलेली चिठ्ठी दप्तरात पडून राहू देऊ नये, ती फॅमिली डॉक्टरांना दाखवावी. वृद्धांच्या बाबतीत दृष्टी, ऐकू येणे, चालण्याचा तोल, विसराळूपणा आणि उदासपणा यांची चौकशी रक्ताच्या अहवालाइतकीच महत्त्वाची आहे, आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लसींविषयी विचारावे.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील फाउंड्रीत वाळूच्या सूक्ष्म धुळीत काम करणाऱ्यांनी आणि इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्यांनी आपला व्यवसाय डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावा. सिलिकाची धूळ फुप्फुसांत साठते, सुताच्या धुळीने सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटू शकते आणि मागाच्या आवाजाने कान हळूहळू बधिर होतात. फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, छातीचा एक्स-रे आणि श्रवणचाचणी या तिघी त्यांच्यासाठी साखरेइतक्याच आवश्यक आहेत.

सातवी पायरी: अहवाल आल्यानंतर

अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवून ‘ठीक आहे ना?’ एवढे विचारणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष जाऊन चार गोष्टी विचाराव्यात: यातील कोणता आकडा माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, मागच्या वेळेपेक्षा त्यात काय फरक पडला, मी आता काय करायचे आहे आणि पुढची तपासणी कधी. उत्तरे केसपेपरवर तारखेसह लिहून घ्यावीत. उपाशीपोटीची साखर ९२ वरून ९८ आणि मग १०४ झाली, तर वेगवेगळ्या तीन लॅबमध्ये विखुरलेल्या कागदांवर ती वाढ कोणालाच दिसत नाही. एकाच फाइलमध्ये ती सहज दिसते.

मधुमेह निघालाच, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी निदान होताच आणि नंतर दरवर्षी करावी. दृष्टी चांगली आहे म्हणून ती टाळू नये, कारण पडदा बराच खराब होईपर्यंत दिसण्यात फरक पडत नाही. लघवीतील अल्ब्युमिन आणि पावलांची संवेदना हीही वर्षातून एकदा पाहावी. पावलांची संवेदना कमी झालेल्यांना मला जड मनाने सांगावे लागते की कोल्हापुरी चप्पल त्यांच्यासाठी नाही. कडक तळ, अंगठ्याचा पट्टा आणि उघडी बोटे यांमुळे झालेली जखम त्यांना जाणवतच नाही. मऊ तळाचे, बंद आणि मागे पट्टा असलेले पादत्राण घ्यावे आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत.

रक्तदाब किंवा साखर गोळीने आटोक्यात आली की गोळी बंद करणारे पुष्कळ आहेत. आकडा चांगला आला तो गोळी चालू होती म्हणून, आणि ती कमी करायची असल्यास डॉक्टरच करतील.

मदत कोठे मिळते

खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नसेल तर घराजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आपल्या भागातील आशाताई ३० वर्षांवरील प्रत्येकाचा धोक्याचा तक्ता भरतात, त्यांना टाळू नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. शहरात महापालिकेचे सावित्रीबाई फुले रुग्णालय आहे, आणि पुढच्या तपासांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत एका कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, परंतु ते दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, नेहमीच्या रक्ततपासणीसाठी नाही. तपासणीत मोठा आजार निघाला तर ती उपयोगी पडते, म्हणून शिधापत्रिकेवरील आणि आधारवरील नावे जुळतात का हे आधीच पाहून ठेवावे. दाखल होण्याच्या दिवशी नावातील एका अक्षराच्या फरकापायी नातेवाइकांची धावपळ होते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या नोकरदारांना प्रतिबंधात्मक तपासणीच्या खर्चावर ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तेव्हा पावत्या जपाव्यात.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४. हे क्रमांक १०८ च्या शेजारी स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, कारण वेळ येते तेव्हा मोबाइल बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातात असतो.

सीपीआरला किंवा अन्य मोठ्या रुग्णालयात पाठवले गेल्यास फॅमिली डॉक्टरांकडून संदर्भ चिठ्ठी मागून घ्यावी. तिच्यावर काय आढळले, कोणती औषधे चालू आहेत, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि नेमका कोणता प्रश्न सोडवायचा आहे, हे चार-पाच ओळींत असावे. सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढावा, मूळ अहवाल स्वतःजवळ ठेवून झेरॉक्स द्यावी, आणि परत आल्यावर तेथील कागद त्याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना दाखवून घरच्या फाइलमध्ये लावावेत.